बेहड्याखालचा हिशेब

अयोध्येचा राजा ऋतुपर्ण विदर्भाच्या वाटेवर आहे. दमयंतीचं दुसरं स्वयंवर उद्याच आहे असा निरोप आलेला, कुंडिनपूर शंभर योजनं दूर, आणि रथ हाकायला बाहुक नावाचा कुरूप सारथी. हा बाहुक म्हणजे फाशांत राज्य हरलेला नल, हे राजाला ठाऊक नाही. रथाला वेग इतका की राजाचं उत्तरीय खाली पडतं आणि थांब म्हणेपर्यंत योजनभर मागे राहतं. सारथ्याची विद्या पाहून राजालाही आपली विद्या दाखवावीशी वाटते. वाटेतल्या एका बेहड्याकडे पाहून तो सांगतो की झाडावर जितकी पानं नि फळं आहेत त्यापेक्षा खाली पडलेली एकशे एकानं जास्त आहेत, आणि या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं नि २०९५ फळं आहेत. नलाला हे पटत नाही. उशीर होतोय, तरी तो रथ थांबवतो, झाड पाडतो, फळं मोजतो. आकडा जुळतो. ही विद्या कुठली, असं विचारल्यावर राजा एका दमात दोन गोष्टी सांगतो: फाशांचं मर्म, म्हणजे अक्षहृदय, मला अवगत आहे आणि मोजण्यात मी निष्णात आहे. नल त्याला अश्वविद्या देऊ करतो आणि बदल्यात अक्षहृदय घेतो. त्याच क्षणी त्याच्या अंगातला कली बाहेर पडून बेहड्यात शिरतो, आणि संध्याकाळी रथ कुंडिनपुरात पोचतो.

महाभारताच्या वनपर्वातली ही कथा बृहदश्व ऋषी काम्यकवनात युधिष्ठिराला सांगतात. कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं वर्धा नदीकाठचं आजचं कौंडिण्यपूर. नलाची बायको दमयंती विदर्भाची राजकन्या, तिच्या बापाचं राज्य इथलं, आणि कथेतला सगळ्यात विलक्षण हिशेब विदर्भाकडे येणाऱ्या रथात होतो. त्यामुळे नागपूरकडच्या माणसाला ही कथा परक्या मुलखाची वाटायचं कारण नाही. तत्त्वज्ञ इअन हॅकिंग यांनी १९७५ साली संभाव्यतेच्या कल्पनेच्या जन्मावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनाही या प्रसंगाशी थांबावं लागलं. युरोपात फाशांचं गणित १६५४च्या सुमारास पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांच्या पत्रव्यवहारातून उभं राहिलं असं मानतात. मग कितीतरी शतकं आधीच्या एका भारतीय कथेत फासे आणि मोजणी ही एकाच माणसाची एकच विद्या म्हणून कशी येते? या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरीव उत्तरं मिळतात. एक म्हणजे ही सगळी पुराणातली वांगी. दुसरं म्हणजे पाहा, संभाव्यताशास्त्र आमच्याकडे आधीपासूनच होतं. मला दोन्ही उत्तरं चुकीची वाटतात, आणि दोन्हींची चूक एकच आहे: नल ज्या फाशांनी खेळला ते फासे कसे होते, हे कोणी विचारत नाही.

ते फासे आज आपण ल्यूडोच्या डबीत पाहतो तसे ठिपक्यांचे घन नव्हते. ऋग्वेदातल्या अक्षसूक्तातले फासे म्हणजे बेहड्याची फळं. बेहडा विदर्भाच्या जंगलात आजही भरपूर आहे आणि त्रिफळ्यात हिरडा-आवळ्यासोबत तोच असतो, तेव्हा फळ हातात घेऊन पाहणं अवघड नाही. करड्या-तपकिरी रंगाचं, बोराएवढं किंवा थोडं मोठं, वाळल्यावर कठीण, अंगावर पुसटशा पाच धारा. त्याला वर-खाली अशी बाजू नाही. ते जमिनीवर टाकलं तर कुठला अंक पडला असं म्हणताच येत नाही. मग खेळ कशावर चालायचा? अक्षसूक्तात फाशांच्या घोळक्याला जो संख्यावाचक शब्द आहे, त्याचा अर्थ कोणी ५३ लावतात, कोणी १५०. काहीही घेतलं तरी ढीग मोठा आहे हे नक्की. हाइन्रिश लूडर्स या जर्मन पंडितानं १९०७ साली प्राचीन भारतातल्या द्यूतावर प्रबंध लिहिला. त्यातली मांडणी अशी की ढिगातून फळं टाकायची किंवा उचलायची आणि चाराचाराच्या गटांनी मोजायची. बाकी काही उरलं नाही तर कृत, तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर, एकच उरलं तर कली. कृत सगळ्यांत श्रेष्ठ, कली सगळ्यांत वाईट. चार युगांना आपण ज्या नावांनी ओळखतो ती मुळात फाशांच्या दानांची नावं आहेत.

एवढं कळलं की नलाची कथा वेगळीच दिसू लागते. त्याच्या अंगात कोण शिरतं? कली. फाशांत कोण शिरतं? द्वापर. म्हणजे बाकी एक आणि बाकी दोन, खेळातली दोन हरणारी दानं, देहधारी होऊन त्याच्या मागे लागतात. ही रूपकं नंतरच्या कोणी चिकटवलेली नाहीत, ती खेळाच्या पोटातून आली आहेत. राजाच्या पहिल्या आकड्यातल्या एकशे एकाला चारांनी भागलं तर एकच उरतो आणि कली बाहेर पडतो तो तिथंच, ही गोष्ट मी पुरावा म्हणून मांडत नाही. पण कथा रचणाऱ्याच्या कानात चाराचे गट घुमत असावेत असं वाटल्याशिवाय राहत नाही.

आता गणित करून पाहू. मूठभर फळं न बघता टाकली, समजा वीस ते पन्नासच्या मध्ये कितीही, तर बाकी शून्य, एक, दोन किंवा तीन येण्याची शक्यता जवळपास सारखीच, प्रत्येकी चारात एक. कुठलंही दान दुसऱ्यापेक्षा दुर्मीळ नाही. अशा खेळात शक्यतांचा तक्ता मांडून खेळाडूला काहीच मिळत नाही, कारण तक्त्याच्या चारही रकान्यांत एकच अपूर्णांक आहे. मिळकत आहे ती नजरेत. समोर ३७ फळं पडली आहेत हे ज्याला मोजण्याआधी दिसतं, त्याला हेही दिसतं की एक उरणार आणि हा डाव कलीचा. एक फळ कमी असतं तर ३६, आणि कृत. हात घालताना मुठीत किती येतायत, ढिगात किती राहतायत, हे ज्याला बोटांनी आणि डोळ्यांनी कळतं तो जिंकतो. खेळाचे बारीक नियम कसेही लावले तरी हे बदलत नाही: बेहड्याच्या फाशांचं मर्म म्हणजे ढीग पाहून संख्या सांगता येणं. म्हणून ऋतुपर्ण फाशांची विद्या सिद्ध करायला फासे टाकून दाखवत नाही. तो झाड मोजून दाखवतो. शिवाय कुठलंही झाड नाही, बेहडाच. ज्या फळांचे फासे होतात तीच फळं, अजून फांदीवर लटकलेली. त्याचं वाक्य आपल्याला दोन वेगळ्या विद्यांची जोडी वाटते, कारण आपला फासा बदलला आहे. त्याच्या काळात ती एकच विद्या होती.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. दोन फांद्यांवर पाच कोटी पानं असणारं झाड पृथ्वीवर नाही. एवढ्या अतिशयोक्तीतून इतिहास कसा काढायचा? आक्षेप रास्त आहे. पण दोन आकड्यांची जात वेगळी आहे, इकडे लक्ष द्यायला हवं. पाच कोटी ही कवीची संख्या आहे, ‘असंख्य’ म्हणण्याची रीत. २०९५ ही तशी नाही. ती गोल नाही, मंगल नाही, दोन हजार आणि वर पाच कमी शंभर अशी वाकडी सांगितलेली आहे, आणि कथेत प्रत्यक्ष मोजून जुळते ती फळांचीच संख्या. शिवाय ऋतुपर्ण नावाचा राजा खरंच होऊन गेला का, यावर माझा मुद्दा उभा नाही. अमुक माणसानं अमुक दिवशी फळं मोजली हे कथा सिद्ध करत नाही. पण फाशांत तरबेज माणूस म्हणजे मोजण्यात तरबेज माणूस, हे समीकरण ऐकणाऱ्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं, एवढं ती सिद्ध करते.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेनं येतो. ही नुसती झटपट मोजणी नाही, ही नमुना पाहणी आहे, एका फांदीवरून झाडाचा अंदाज, म्हणजे आधुनिक संख्याशास्त्राचं बीज, असं म्हणणारे आहेत. त्याला कथेत थोडा आधारही आहे. महाभारताच्या प्रचलित पाठात राजा घाईत म्हणतो की सगळं मोजत बसू नकोस, मी दाखवलेल्या फांदीचा एक भाग मोज, तेवढ्यानं तुझी खात्री पटेल. शितावरून भाताची परीक्षा, हे आपल्या घराघरातलं शहाणपण इथं राजाच्या तोंडी आहे. मात्र शितावरून भात शिजला की नाही ते कळतं. पातेल्यात शितं किती ते कळत नाही, आणि कळलं तरी किती चुकीनं, हे सांगायला वेगळं शास्त्र लागतं. ते शास्त्र उभं करण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. विद्याधर प्रभाकर गोडांबे पुण्यात जन्मले, काही काळ नागपूरच्या सायन्स कॉलेजात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते आणि पुढे कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात स्थिरावले. १९५५च्या त्यांच्या निबंधानं दाखवून दिलं की मर्यादित समुदायातून नमुना घेऊन बेरीज किंवा सरासरी काढायची तर प्रत्येक समुदायाला सर्वोत्तम ठरेल अशी एकच निःपक्षपाती पद्धत असूच शकत नाही. फांदीवरून झाडाचा आकडा कसा काढावा, याचं सगळ्या झाडांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही. हा प्रश्न ऋतुपर्णाला पडलेला नाही. त्याचा आकडा अंदाज म्हणून येत नाही, नेमकेपणानं येतो, आणि तो नेमका ठरतो यातच त्याची शान आहे. चूक किती होऊ शकते हा विचार जिथं नाही, तिथं संभाव्यताही नाही. तेव्हा कथेत नमुना आहे, पण तो पडताळ्यासाठी आहे. यापलीकडे जाणं म्हणजे आपल्या मनातलं तिच्यावर लादणं.

पुढे फासा बदलला. बेहड्याच्या जागी हाडाचा, हस्तिदंताचा, लाकडाचा लांबट पासा आला. त्याच्या चार बाजूंवर खुणा, दोन टोकं रिकामी. चौसर आणि सारीपाटावर हाच चालला आणि चौसराच्या पाशावर साधारणपणे एक, दोन, पाच, सहा हे अंक असत. हा बदल मला निर्णायक वाटतो. बेहड्याच्या ढिगात मोजणाऱ्याची नजर राज्य करत होती. पाशावर नजरेचं काम संपलं. पडलेलं दान आंधळ्यालाही बोटानं चाचपून कळतं. आता दानं एकसारखी राहिली नाहीत. काही वरचेवर पडतात, काही क्वचित, आणि इथं पहिल्यांदा शक्यतांच्या तक्त्याला काम मिळतं. मराठीत पोबारा करणं म्हणजे पळून जाणं, पण शब्द पटावरचा आहे: पौ म्हणजे एक आणि बारा, तीन पाशांवर सहा, सहा आणि एक. तीन पाशांची एकूण मांडणी चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४. त्यांत एक कुठल्याही एका पाशावर पडू शकतो, म्हणून पोबाऱ्याच्या मांडण्या तीन. साधारण एकवीस फेकींत एकदा. तेरा ही बेरीज मात्र सहा, पाच, दोन अशीही होते आणि तिच्या मांडण्या सहा. दोन्ही मिळून नऊ, म्हणजे तेरा साधारण सात फेकींत एकदा. एकाच बेरजेच्या दोन दानांत एक दुसऱ्याच्या निम्म्यानं पडतं, हे पटावर बसलेल्या माणसाला नुसत्या सवयीनं जाणवलं असणार. सगळ्या ६४ मांडण्या लिहून काढल्या तर आठ, नऊ, बारा आणि तेरा या चार बेरजा प्रत्येकी नऊ वेळा येतात, आणि त्यांच्या मधल्या दहा नि अकरा फक्त तीन-तीन वेळा. तीन आणि चार हे अंक पाशावर नसल्याचा हा परिणाम.

हे मोजायची हत्यारं याच मुलखात तयार होती, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते याचं मला वाईट वाटतं. भास्कराचार्यांची लीलावती ११५०ची. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, चाळीसगावजवळच्या पाटण इथं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापला. तिथला १२०७चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लीलावतीचं शेवटचं प्रकरण अंकपाश. त्यात आधी वेगवेगळ्या अंकांच्या मांडण्या, मग अंक पुन्हा आले तर किती मांडण्या: दोन, दोन, एक, एक या अंकांच्या सहा. हाच नियम सहा, सहा, एकाला लावला की तीन येतात, पोबाऱ्याचे तीन. शेवटचं उदाहरण तर थेट आपल्या प्रश्नाला भिडतं. पाच स्थानांच्या किती संख्या अशा आहेत की ज्यांच्या अंकांची बेरीज तेरा होते? शून्य नाही, एक ते नऊ एवढेच अंक. उत्तर ४९५. सूत्र सोपं आहे: तेरातून एक वजा केला की बारा, आणि बारातून चार निवडण्याचे प्रकार. भास्कराचार्य मर्यादाही सांगतात की बेरीज स्थानांच्या संख्येत नऊ मिळवून येणाऱ्या आकड्यापेक्षा कमी असेल तरच हे चालतं. इथं पाच आणि नऊ चौदा, तेरा त्याहून कमी. हा प्रश्न फाशांच्या भाषेत मांडायला एक अक्षर बदलावं लागत नाही. नऊ बाजूंचे पाच फासे टाकले तर बेरीज तेरा किती प्रकारांनी येते? आज ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणारी मुलं आपल्या पात्राची एखादी शक्ती किती वेळा लागू पडेल हे काढायला जे गणित करतात ते हेच. नऊ बाजूंचा फासा हातात धरायला कठीण, पण संगणकाला कितीही बाजू चालतात. एकूण मांडण्या ५९,०४९; त्यांतल्या ४९५ म्हणजे शेकडा एकाहूनही कमी, साधारण ११९ फेकींत एकदा. भास्कराचार्यांनी अंश काढला. छेद काढणं त्यांना अजिबात अवघड नव्हतं. दोन्हींचा भागाकार मात्र त्यांनी केला नाही, कारण तो कोणी मागितला नव्हता. याच लीलावतीचं इंग्रजी भाषांतर १८१७ साली छापणारा हेन्री थॉमस कोलब्रुक १७९९ ते १८०१ या काळात दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या दरबारात कंपनीचा वकील म्हणून नागपुरात राहिला होता.

आता खरा कठीण प्रश्न. पाशाचा खेळ होता, मांडण्या मोजायचं सूत्र होतं, मग दोघांची गाठ का पडली नाही? नेहमीचं उत्तर नीतीचं आहे: जुगार हे व्यसन मानलं गेलं, त्यामुळे पंडितांनी त्याकडे पाठ फिरवली. विदर्भाच्या वाङ्मयात याला बळकट आधार आहे. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या पूर्वाश्रमाची हकिगत येते. गुजरातच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव द्यूतात हरला, देणं फेडायला बायकोकडे, कमळाइसेकडे, दागिने मागितले, तिनं नाही म्हटलं, आणि त्याचं मन संसारातून उडालं. रामयात्रेला म्हणून तो रामटेककडे निघाला आणि वाटेत ऋद्धिपुरात त्याला श्रीगोविंदप्रभू भेटले. मराठीतल्या पहिल्या थोर गद्यग्रंथाच्या नायकाची वाट जुगारातल्या हरण्यातून रामटेककडे वळते. नल वनवासाला गेला, हरिपाळदेव संन्यासाला. अशा परंपरेत फाशाची शक्यता मोजायला कोण बसेल, असं वाटणं साहजिक आहे. तरीही हे उत्तर मला अपुरं वाटतं. युरोपातही चर्चनं जुगाराला पापच म्हटलं आणि तरी गणितज्ञ कार्दानोनं सोळाव्या शतकात फाशांवर पुस्तक लिहिलं, गॅलिलिओनं तीन फाशांवर नवाच्या २५ आणि दहाच्या २७ मांडण्या काढून दाखवल्या. शिवाय आपल्याकडची राज्यव्यवस्था जुगाराकडे डोळे मिटून बसली नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष आहे, फासे सरकारी जागेत सरकारनं पुरवायचे आहेत, आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच सरकारजमा करायचे आहेत.

त्या शेकडा पाचमध्येच मला उत्तराचा धागा दिसतो. कोण जिंकेल हे द्यूताध्यक्षाला कळायची गरज नाही. कोणीही जिंकलं तरी त्याचा वाटा ठरलेला. हाच विचार गणितात पाहायचा असेल तर महावीराचार्यांच्या गणितसारसंग्रहात पाहावा. महावीर नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या आश्रयाला होते. याच घराण्यातल्या तिसऱ्या कृष्णाच्या ९४०च्या देवळी ताम्रपटात ‘नागपूर-नंदिवर्धन’ या प्रदेशाचा उल्लेख आहे, देवळी वर्धा जिल्ह्यातली आणि नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. म्हणजे हा मुलूख त्यांच्या अमलातला. अनेक वस्तूंतून काही निवडण्याचे प्रकार किती, याचं सर्वसाधारण सूत्र महावीरांनी दिलं. त्यांच्याच ग्रंथात कोंबड्यांच्या झुंजीचं एक उदाहरण आहे. मंत्र-औषधी जाणणारा एक माणूस झुंज बघायला येतो आणि दोन्ही मालकांशी गुपचूप वेगवेगळं बोलतो. पहिल्याला म्हणतो, तुझा कोंबडा जिंकला तर तुझ्या पणाची रक्कम मला दे, हरला तर मी तुला त्या रकमेच्या दोन तृतीयांश देईन. दुसऱ्याशीही तसाच करार, फक्त तीन चतुर्थांशाचा. कोणीही जिंको, त्याला बारा सोन्याची नाणी सुटली पाहिजेत. तर दोघांचे पण किती? उत्तर ४२ आणि ४०. पडताळून पाहा: पहिला जिंकला तर ४२ मिळाले, दुसऱ्याला चाळिसाचे तीन चतुर्थांश म्हणजे ३० द्यावे लागले, उरले बारा. दुसरा जिंकला तर ४० मिळाले, बेचाळिसाचे दोन तृतीयांश म्हणजे २८ गेले, पुन्हा बारा. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या कोंबडबाजारात, जिथं पायाला काती बांधून कोंबडे सोडतात आणि पोलिसांच्या धाडी पडतात, तिथं पैसे फिरवणाऱ्याला या उदाहरणातलं मर्म समजावून सांगावं लागणार नाही. पण यातला विचार नीट बघा. दोन कोंबड्यांपैकी ताकदवान कुठला, जिंकण्याची शक्यता कुणाची किती, हा प्रश्न उदाहरणात कुठंच नाही. गणितज्ञाची सगळी हुशारी तो प्रश्न अनावश्यक करण्यात खर्च झाली आहे. अनिश्चिततेला आकडा देण्यापेक्षा तिला वळसा घालून नक्की आकड्यावर पोचायचं, ही त्या गणिताची वृत्ती होती. ऋतुपर्ण नेमका आकडा सांगतो, कौटिल्य नेमका वाटा घेतो, महावीरांचा माणूस नेमके बारा सोडवतो. पास्कल आणि फर्मा यांच्यासमोर आलेला प्रश्न उलटा होता: खेळ अर्ध्यावर मोडला, कोण जिंकलं असतं हे कधीच कळणार नाही, तर पैसे वाटायचे कसे? त्या प्रश्नाला वळसा घालता येत नाही. तिथं अनिश्चिततेलाच आकडा द्यावा लागला.

कोणी म्हणेल, चार-पाच ग्रंथांवरून एवढ्या मोठ्या परंपरेची वृत्ती ठरवणं धाडसाचं आहे. आहेच. आणि एक पुरावा माझ्या विरुद्धही जातो, तो लपवून चालणार नाही. पोरीबाळी आणि बायका फोडलेल्या चिंचोक्यांनी पट खेळत आल्या आहेत. चार अर्धे चिंचोके, एक बाजू काळी, एक पांढरी. एक पांढरा वर आला तर एक, दोन आले तर दोन, तीन आले तर तीन. चारही पांढरे तर चार, आणि चारही काळे पडले तर आठ. दोन्ही बाजू सारख्याच शक्यतेच्या धरल्या तर सोळा मांडण्यांत दोनाच्या सहा, एकाच्या नि तिनाच्या चार-चार, आणि चार नि आठ यांची फक्त एक-एक. म्हणजे जे क्वचित पडतं त्याला मोल जास्त, ही जाण गुणांच्या तक्त्यात गोठवलेली आहे. चिंचोका प्रत्यक्षात सारखा पडत नाही. पांढरी बाजू दहात सहा वेळा वर येत असेल तर चार हे दान साधारण आठ फेकींत एकदा पडेल आणि आठ मात्र एकोणचाळीस फेकींत एकदा. अशा वेळी आठाला चाराच्या दुप्पट मोल देणं अगदीच योग्य ठरतं, उलट कमीच पडतं. मग अनिश्चिततेला आकडा देणं आपल्याकडे नव्हतं असं कसं म्हणायचं? माझं उत्तर असं की ते होतं, पण पटावर होतं, पाटीवर नव्हतं. ज्यांनी चिंचोक्याच्या आठाचं मोल ठरवलं त्यांच्यापर्यंत अंकपाश पोचला नाही, आणि अंकपाश शिकवणाऱ्या मठात कोणी चिंचोके घेऊन गेलं नाही. १६५४ साली फ्रान्समध्ये जुगाराच्या बैठकीतला प्रश्न गणितज्ञाच्या टेबलावर पोचला, हा फरक मला गणिताच्या कुवतीपेक्षा मोठा वाटतो.

कौशल्य आणि नशीब यांची ही गुंतागुंत पुढे कायद्याच्याही वाट्याला आली. नागपूर मध्य प्रांतात असताना तिथं १८६७चा सार्वजनिक जुगार कायदा लागू होता, आणि त्याच्या बाराव्या कलमानं निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. बेहड्याच्या ढिगासमोर बसलेला ऋतुपर्ण त्या कलमाखाली सुटला असता का, हा वकिलांना विचारण्यासारखा प्रश्न आहे. पाशावरचा पोबारा सुटला नसता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं संमत केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच पुसला: कौशल्य असो वा नशीब, बंदी. ज्या खेळात पैसा नाही, फक्त पात्राची शक्ती आणि फाशांची बेरीज आहे, तो मोकळा राहिला.

नलाकडे परत येऊ, कारण कथा झाडापाशी संपत नाही. दमयंतीशी भेट होते, महिन्याभरानं नल निषध देशाला जातो, आणि भावाला, पुष्कराला, पुन्हा खेळायला बोलावतो. आधी महिनोन्‌महिने चाललेला, सगळं राज्य गिळलेला खेळ या वेळी एका पणात मिटतो. नल जिंकतो आणि पुष्कराला सन्मानानं घरी पाठवतो. कथा सांगून झाल्यावर बृहदश्व युधिष्ठिरालाही अक्षहृदय देतात. दोनदा दिली गेलेली ही विद्या नेमकी काय होती, कोणत्या शब्दांत सांगितली, हे मात्र महाभारत एकदाही उलगडत नाही. ऐकणाऱ्याच्या हातात येतं ते एवढंच: बेहड्याची एक फांदी, तिच्यावरची फळं, आणि झाड पाडून ती मोजायला बसलेला, उशीर झालेला माणूस.